दुखणं थांबलं, खडा तिथेच: तुंबलेल्या किडनीचं एक प्रकरण

रात्री साडेअकराला कॅज्युअल्टीत त्या बाईंनी साडीच्या दुकानाच्या कॅरीबॅगमधून जुने कागद काढून टेबलावर ठेवले आणि सगळ्यात वरचा केसपेपर माझ्याच अक्षरातला निघाला. मी युरॉलॉजिस्ट, म्हणजे किडनी आणि लघवीच्या मार्गाचा सर्जन. तारीख १२ एप्रिल. खाली कोपऱ्यात, घाईत, इंग्रजीत खरडलेली एक ओळ होती. मराठीत सांगायचं तर, 'चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून दाखवणे'. त्या रात्री १९ ऑगस्ट होता.

स्ट्रेचरवर त्यांचे यजमान. वय ४७, सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवणारे. अंगावर दोन पांघरुणं, तरी दात वाजत होते. ताप १०३.४, नाडी १२८, रक्तदाब ८४/५०, श्वास मिनिटाला २८. डाव्या कुशीला हात लावला की माझं मनगट धरत होते. पुढे वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणायला लागले, म्हणून इथेही काकाच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

एप्रिलमध्ये काय झालं होतं ते आधी सांगायला हवं.

रात्रपाळी संपताना पहाटे त्यांच्या डाव्या कुशीत कळ उठली. ती पुढे वळून जांघेत उतरली, दोन उलट्या झाल्या. जवळच्या डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं, तासाभरात कळ बसली. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले ते चालत, हसतमुखाने. सोनोग्राफीत डाव्या किडनीला 'सौम्य सूज', वरची नळी थोडी फुगलेली, खडा मात्र आतड्यातल्या वायूमुळे दिसत नाही. हे नेहमीचंच आहे. सोनोग्राफीला किडनी दिसते, नळीचं वरचं टोक दिसतं, लघवी भरलेली असेल तर मूत्राशयाजवळचं टोक दिसतं. मधला भाग आतड्यांच्या आड जातो. साध्या एक्स-रेमध्ये कंबरेच्या हाडाजवळ एक पांढरा ठिपका होता, सुमारे ७ मिलीमीटरचा. लघवीत लाल पेशी, पू नाही. क्रिएटिनीन, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते ते दाखवणारा रक्तातला आकडा, १.०, म्हणजे ठीक.

मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून मूत्राशयापर्यंत जाणारी, जेमतेम वीतभराहून थोडी लांब, २५ ते ३० सेंटीमीटरची नळी. आतली वाट ३-४ मिलीमीटरची. किडनीतून निघताना, कंबरेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना आणि मूत्राशयाच्या भिंतीत शिरताना, अशा तीन जागी ती आणखी चिंचोळी होते आणि खडे बहुतेक या तीनपैकी एका जागीच अडतात. काकांचा मधल्या जागी अडला होता. ५ मिलीमीटरपर्यंतचे खडे तीनातले दोन आपोआप पडतात. ५ ते १० मिलीमीटरमधले साधारण निम्मे. ताप नाही, कळ आटोक्यात, दुसरी किडनी ठणठणीत. अशा वेळी चार आठवडे वाट बघणं हा बरोबर निर्णय होता आणि आजही मी तोच घेईन. टॅमसुलोसिनची गोळी दिली. ती नळीचे स्नायू सैल करते. तिचा उपयोग किती, यावर दहा-बारा वर्षं वाद चालू आहे. झाला तर ५ मिलीमीटरहून मोठ्या, खालच्या भागातल्या खड्याला होतो. काकांचा खडा त्या हद्दीवर होता.

चूक पुढे झाली. केसपेपर हातात देताना मी म्हणालो, "पाणी भरपूर प्या. दुखलं तर या."

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणत असे. काकांनी ते अक्षरशः पाळलं. पाचव्या दिवसापासून दुखलं नाही, म्हणून आले नाहीत. इंग्रजी ओळ त्यांना वाचता येत नव्हती, घरात ज्याला येत होती त्या मुलाला माझं अक्षर लागलं नाही. शेजारणीने पाणफुटीची पानं दिली, सासूबाईंनी रोज हुलग्याचं कढण केलं. आठवड्याभरात घरात जाहीर झालं की खडा विरघळला. कुणीतरी बिअरही सुचवली होती म्हणे, पण ते घर माळकरी निघालं.

आता यात त्यांचं काय चुकलं? खडा लघवीतून पडताना त्यांनी पाहिला नव्हता, एवढंच. गाळणी लावून लघवी करा, हेही मी सांगितलं नव्हतं.

दुखणं का थांबतं, याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं प्रकरण कळतं. कळ खड्याच्या टोकांनी येत नाही. नळी अचानक बंद होते, मागे किडनी लघवी तयार करतच असते, आतला दाब वाढतो, भिंत ताणली जाते, नळी जोरजोरात आवळून खडा ढकलू पाहते. ही ताणण्याची वेदना. पहिल्या एक-दोन तासांत शरीर त्या किडनीकडे रक्त उलट वाढवतं, त्यामुळे दाब आणखी चढतो. डायक्लोफेनॅकने एवढा झटपट आराम का पडतो, तर ते औषध हाच वाढीव रक्तप्रवाह कमी करतं. पण काही तासांनी किडनी स्वतःच हात आखडता घेते. रक्तवाहिन्या आकसतात, गाळणं मंदावतं, तुंबलेली लघवी लसिकावाहिन्यांतून आणि शिरांतून थोडी थोडी मागे झिरपते. दाब उतरतो, ताण जातो, कळ बसते. खडा असतो तिथेच. किडनीने काम कमी केलं म्हणून दुखायचं थांबलं, हे रुग्णाला कळायला काही मार्ग नाही.

त्यात 'किडनीला सूज' हा शब्द. रिपोर्टवर हायड्रोनेफ्रोसिस असतं, आपण सगळे त्याला सूज म्हणतो, मीही म्हणतो. पाय मुरगळला की येते ती सूज. गोळी घेतली, शेक दिला की उतरते. तसलं इथे काही नसतं. गटार पुढे बंद झालं की मागच्या मोरीत पाणी चढतं, तसं किडनीत पाणी चढलेलं असतं. सोलापूरकरांना तुंबणं म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मी 'किडनी तुंबली आहे' असं म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मग मोकळी झाली का ते कधी बघायचं?

आणि क्रिएटिनीन. ते १.० होतं म्हणून मीही मनातून निवांत होतो. एक किडनी चांगली असेल तर दुसरी अर्धी बंद पडली तरी रक्तातला हा आकडा फारसा हलत नाही, कारण चांगली किडनी दोघींचं काम ओढते. एका बाजूची नळी तुंबली असताना क्रिएटिनीन पाहून धीर धरणं म्हणजे घरात एक कमावता आहे म्हणून दुसऱ्याची नोकरी शाबूत आहे असं समजणं.

ऑगस्टमध्ये आधी तीन दिवस ताप होता. पावसाळा, शहरात डेंग्यूची साथ, त्यामुळे डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी झाली. दोन्ही निगेटिव्ह. लघवीचा रिपोर्टही आला: पूच्या पेशी २ ते ४, म्हणजे जवळजवळ स्वच्छ. लघवी स्वच्छ आहे म्हटल्यावर किडनीचा विचार मागे पडला. यात त्या डॉक्टरांना दोष देण्यासारखं काही नाही, पण ही फसगत लक्षात ठेवण्यासारखी आहे. डावी नळी पूर्ण बंद असेल तर बाटलीत येते ती सगळी लघवी उजव्या, निरोगी किडनीची. डावीकडचा पू खड्याच्या मागे अडकून बसलेला असतो, तो प्रयोगशाळेपर्यंत पोचतच नाही.

आमच्याकडे रक्तात पांढऱ्या पेशी २१,४०० निघाल्या, प्लेटलेट ९६,०००, क्रिएटिनीन २.६. उजवी किडनी चांगली असताना क्रिएटिनीन का वाढलं? कारण जंतू रक्तात उतरले होते, रक्तदाब पडला होता आणि तीन दिवस अंग दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. चांगल्या किडनीलाही मार बसत होता. सोनोग्राफीत डावी किडनी मोठी झालेली, पिशवीसारखी फुगलेली. आतलं पाणी काळं स्वच्छ दिसायला हवं, त्याऐवजी त्यात गढूळ गाळ तरंगताना दिसत होता. किडनीचा गर, म्हणजे काम करणारा भाग, कडेला दबून ७-८ मिलीमीटर उरला होता, उजवीकडे तो १६ होता. डाय, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, न देता सीटी केला. डाय द्यायचा नाही, कारण किडनी आधीच अडचणीत, आणि खडा बघायला तो लागतही नाही. खडा होता तिथेच, आता ८ मिलीमीटरचा, भोवती नळीची भिंत जाड झालेली.

खडा, त्यामागे तुंबलेली किडनी, त्यात पू आणि ताप. आमच्या शाखेत मध्यरात्री झोपेतून उठायला लावणारी जी दोन-चार कारणं आहेत, त्यांतलं हे एक. नुसत्या अँटिबायोटिकवर सकाळ होऊ द्यायची नसते. औषध रक्तातून जातं आणि त्या किडनीकडे रक्तच कमी जातंय. शिवाय बंद पिशवीतला पू औषधाने निघत नाही, तो बाहेर काढावा लागतो.

काकू म्हणाल्या, "आता आलोयच तर खडा काढूनच टाका की ओ डॉक्टर, एकदाचा."

तो प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि तो चुकीचा नाही. मी त्यांना म्हणालो, "काकू, आज खड्याला हात लावायचा नाही. आज फक्त घाण बाहेर काढायची." खडा फोडताना दुर्बिणीतून पाणी दाबाने सोडावं लागतं. पूने भरलेल्या किडनीत तो दाब गेला की जंतू घाऊक रक्तात ढकलले जातात, आणि माणूस टेबलावरच दगावतो. खडा महिनाभर थांबू शकतो, पू थांबू शकत नाही.

पू काढायचे दोन रस्ते असतात. एक खालून: लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून, तार खड्याच्या बाजूने वर सरकवून, किडनीपर्यंत एक बारीक पोकळ नळी ठेवायची. दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली असतात म्हणून ती डबल जे किंवा डीजे स्टेंट. ही दुहेरी वळणाची कल्पना १९७८ ची. त्याआधीच्या सरळ नळ्या घसरून खाली यायच्या किंवा वर जायच्या. दुसरा रस्ता मागून: पाठीतून सुई घालून थेट किडनीत नळी, तिला पिशवी जोडलेली. हिला पीसीएन (परक्युटेनियस नेफ्रोस्टॉमी) म्हणतात. लॉस एंजेलिसच्या विलार्ड गुडविन यांनी तुंबलेल्या किडनीत पाठीतून अशी नळी घालण्याचं तंत्र १९५५ मध्ये प्रसिद्ध केलं. दोन्ही रस्ते सारखेच उपयोगी आहेत. भांडण नको म्हणून हे म्हणत नाही. तुलना करून पाहिल्यावर ताप उतरण्यात फरक आढळला नाही. मग निवड त्या रात्रीच्या माणसावरून करायची.

डीजेच्या बाजूने: प्लेटलेट कमी होत्या, सुईने रक्तस्राव होऊ शकला असता. पीसीएनच्या बाजूने: रक्तदाब पडलेला असताना भूल द्यायची नव्हती, खडा चार महिने एका जागी रुतलेला, तार पुढे जाईलच याची खात्री नाही, आणि दाट पू बारीक स्टेंट चोंदवतो. प्लेटलेट ९६,०००, रक्त गोठण्याची चाचणी जवळपास बरोबर. एवढ्यात सुई घालता येते. मी पाठीचा रस्ता घेतला. दुसऱ्या एखाद्या युरॉलॉजिस्टने स्टेंट घातला असता तर मी त्याला चूक म्हटलं नसतं.

काकांना पालथं झोपवता येत नव्हतं, दम लागत होता. उजव्या कुशीवर वळवलं, जागा बधिर केली. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं चकाकणारं टोक किडनीच्या खालच्या कप्प्यात जाताना दिसलं. आतली सळई काढली, आणि पहिली दोन सेकंद काहीच आलं नाही. अशा वेळी पोटात गोळा येतो. मग सुईच्या तोंडाशी एक पिवळा-हिरवा थेंब फुगला, टपकला नाही, तिथेच लोंबत राहिला, इतका दाट. सिरिंजने ओढून ६० मिलीलिटर काढलं. वास सगळ्या खोलीत. तपासणीपुरतं बाजूला ठेवलं, तारेवरून १० फ्रेंचची, म्हणजे तीन-सव्वातीन मिलीमीटर जाडीची नळी सरकवली आणि टाका घालून बांधली. जागा बरोबर आहे का ते बघायला डाय भरून फोटो काढायचा मोह होतो. त्या रात्री तो आवरायचा असतो, कारण परत दाब.

पू निघाल्यावर रक्तदाब सुधारेल असं वाटतं. तासाभराने तो आणखी पडला. सुईने, हलवाहलवीने जंतूंची एक लाट रक्तात जातेच. सलाइन, रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रेनॅलिन, आयसीयू. मेरोपेनेम हे अँटिबायोटिक आधीच चालू केलं होतं. पहाटे पाचच्या सुमारास नाडी ११० च्या खाली आली. सकाळी काकांनी चहा मागितला.

पूमध्ये आणि रक्तात एकच जंतू वाढला: ई. कोलाय, नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा. त्याला मेरोपेनेम आणि अमिकासिन लागू पडत होतं. अमिकासिन किडनीला जड, म्हणून ते बाजूला ठेवलं. आठव्या दिवशी क्रिएटिनीन १.१.

पाठीतल्या नळीचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. डाव्या किडनीची लघवी वेगळ्या पिशवीत येते, म्हणजे ती किडनी किती काम करते ते रोज समोर दिसतं. काकूंनी कालनिर्णयच्या चौकोनांत पेन्सिलीने आकडे लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी १२० मिलीलिटर, तेही गढूळ. मग १८०, २५०. एका रविवारी ०, आणि खाली तेलुगूत काहीतरी लिहिलेलं. त्या दिवशी नळीला पीळ पडला होता. रात्री ताप आला म्हणून धावत आल्या, नर्सने पीळ सोडवला, दोन मिनिटांत पिशवी भरू लागली. तिसऱ्या आठवड्यात आकडा ५५० ते ६०० वर स्थिरावला. एवढी नोंद आमच्या वॉर्डातही ठेवली जात नाही.

किडनी किती उरली हे मोजायचं ते या टप्प्यावर. तुंबलेली असताना मोजली तर आकडा खोटा कमी येतो आणि काढून टाकण्यासारखी नसलेली किडनी काढली जाते. चार आठवडे मोकळी राहू दिल्यावर रेनोग्राम केला. शिरेतून किरणोत्सर्गी टेक्नेशियमचा अंश असलेलं औषध देतात आणि दोन्ही किडन्या ते किती उचलतात ते कॅमेऱ्याने मोजतात. पुण्यात मेहुणा होता म्हणून तिथे केला. डावी २१ टक्के, उजवी ७९. दोघींनी निम्मं निम्मं करायचं असतं.

कुत्र्यांवरच्या जुन्या प्रयोगांत मूत्रवाहिनी पूर्ण बांधून सात दिवसांनी सोडली तर किडनी पूर्वपदावर आली. चौदा दिवसांनी सोडली तर सुमारे ७० टक्के, चार आठवड्यांनी ३० टक्क्यांच्या आसपास, सहा आठवड्यांनी जवळजवळ काहीच नाही. काकांचे चार महिने गेले होते. तरी २१ टक्के उरले, याचा अर्थ बराच काळ नळी पूर्ण बंद नव्हती. खड्याच्या कडेने थोडं थोडं झिरपत होतं. शेवटी भोवतालची सूज वाढली, ती फट बुजली आणि जंतूंना साचलेलं डबकं मिळालं. माणसाच्या बाबतीत कुत्र्याचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण मी चार आठवडे लिहिलं होतं ते याच हिशेबाने.

किडनी काढायची का, असा प्रश्न मुलाने विचारला. त्याने इंटरनेटवर वाचलं होतं. साधारण १०-१५ टक्क्यांच्या खाली असेल, वारंवार पू होत असेल तर काढण्याचा विचार होतो. २१ टक्क्यांची, आता ताप नसलेली किडनी ठेवायची. उद्या उजवीला काही झालं तर हीच आधार.

दुर्बिणीचं ऑपरेशन पाचव्या आठवड्यात झालं, लघवी जंतूमुक्त असल्याची खात्री करून. खड्याभोवती नळीचं अस्तर फुगून गुलाबी झालर झाली होती, खडा तिच्यात बसवलेल्या नगासारखा. होल्मियम लेसरने त्याची भुकटी केली. तपकिरी, कडक, आतून वलयं असलेला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा. हुलग्याच्या कढणाने किंवा पाणफुटीने हा विरघळत नाही. कढण पिऊ नका असं मी म्हणत नाही, पौष्टिक आहे. पण नळीत रुतलेल्या खड्यापर्यंत ते पोचणार कसं? पोटात गेलेलं पाणी मोकळ्या किडनीतून निघून जातं, तुंबलेली किडनी लघवी फारशी करतच नसते. कळ चालू असताना बळेबळे लोटाभर पाणी पाजतात, त्याने खडा ढकलला जात नाही, उलटी तेवढी वाढते. पाण्याचा खरा उपयोग पुढचा खडा होऊ नये म्हणून.

खडा चार महिने रुतलेला असला की ती जागा बरी होताना आवळून येऊ शकते. म्हणून डीजे स्टेंट सहा आठवडे ठेवला. स्टेंटचा त्रास होतोच आणि तो आधी सांगितला नाही तर माणूस घाबरतो: वारंवार लघवीला लागणं, काम केलं की लालसर लघवी, लघवी करताना कुशीत वर चढणारी ओढ. ती ओढ म्हणजे स्टेंटमधून लघवी उलटी किडनीकडे जाते. या वेळी मी मराठीत, मोठ्या अक्षरात, काढायची तारीख लिहिली आणि काकूंना ती कालनिर्णयवर माझ्यासमोर लिहायला लावली. विसरलेला स्टेंट हे आमचं दुसरं दुखणं. बरं वाटतंय म्हणून वर्षभर राहिलेल्या स्टेंटवर खडे जमतात, आणि जी नळी वाट मोकळी ठेवायला घातली तीच वाट बुजवते. आता आमच्याकडे घातलेल्या प्रत्येक स्टेंटची वही आहे. दर सोमवारी रिसेप्शनवरची मुलगी तीन महिन्यांच्या वरची नावं काढून फोन लावते. बहुतेक जण म्हणतात, "काही त्रास नाही ओ." ती म्हणते, "त्रास नसला तरी या."

मध्येच एक गोष्ट सांगतो. मूत्रवाहिनी तुंबली की खडाच असतो असं नाही, आणि खडा नसला की ही वाट बऱ्याचदा दुखतही नाही. जन्मतःच किडनीतून निघणारं तोंड अरुंद असतं. क्षयाने नळी आवळते. गर्भाशयाच्या ऑपरेशनमध्ये ती बांधली किंवा चिरली जाते. प्रोस्टेट वाढून मूत्राशय तुंबलं तर दोन्ही बाजूंना पाणी चढतं. सगळ्यात वाईट वाटतं ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. दोन्ही बाजूंनी नळ्या दाबल्या जातात, बाई पाय सुजले, भूक नाही, मळमळतं एवढीच तक्रार घेऊन येते आणि क्रिएटिनीन ९ असतं. त्या आजारात नुसती किडनी तुंबलेली दिसली तरी टप्पा थेट तिसरा धरतात. कळ येणारा खडा त्या मानाने सभ्य, निदान दार तरी वाजवतो.

काकांनी पाणी का कमी प्यायलं याचा छडा स्टेंट काढायच्या दिवशी लागला. शेडमध्ये पंखा लावला की सूत उडतं म्हणून पंखे बंद. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२, आत त्याहून जास्त. एका माणसाकडे अनेक माग. धागा तुटला की माग थांबतो आणि मजुरी कापड किती निघालं त्यावर. लघवीला जायचं म्हणजे गल्लीच्या टोकाला. मग माणूस पाणीच कमी पितो आणि दर दोन तासांनी कटिंग चहावर भागवतो. मी त्यांना दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हायला हवी असं सांगत होतो. प्यायचं किती हे हवेवर ठरतं. त्या शेडमध्ये चार लिटरही पुरायचे नाहीत. शेवटी खूण ठरवली: लघवी सुताच्या रंगाची हवी, चहाच्या रंगाची नको. मीठ कमी करायचं. दूध बंद करायचं नाही. कॅल्शियमचा खडा म्हणून दूध सोडणारे खूप भेटतात, पण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते सोडलं तर खडे वाढतात. टोमॅटोच्या बिया काढत बसायची गरज नाही.

स्टेंट काढल्यावर सहा आठवड्यांनी केलेल्या सोनोग्राफीत पुन्हा 'सौम्य सूज' लिहून आलं आणि घरात हलकल्लोळ. या वेळी ते त्याच दिवशी आले. बराच काळ ताणलेली पिशवी मोकळी झाली तरी सैलच राहते, फुग्यातली हवा काढल्यावर राहतो तशी. ती सैल आहे की पुन्हा तुंबली आहे, हे सोनोग्राफी सांगू शकत नाही. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड देऊन रेनोग्राम केला. औषध भराभर वाहून गेलं तर वाट मोकळी, रेंगाळलं तर अडथळा. डाव्या किडनीतलं निम्मं औषध ९ मिनिटांत निघून गेलं. दहाच्या आत म्हणजे मोकळी. वाटा २१ वरून २६ टक्के झालेला. याहून फार वाढेल असं मला वाटत नाही, आणि तसं त्यांना सांगितलं.

त्याच भेटीत रक्तदाब १५०/९४ निघाला, दोनदा मोजला. वर्षभरापूर्वीच्या कागदांवर १२४/८० आहे. व्रण पडलेली किडनी रक्तदाब चढवू शकते, वयाचाही असेल. गोळी चालू केली. डायक्लोफेनॅक आणि त्याच्या भावंडांची नावं मराठीत लिहून दिली, औषधाच्या दुकानात दाखवायला, की ही नकोत.

काका परत मागावर गेले आहेत, फक्त दिवसपाळीला. पुढची सोनोग्राफी आणि क्रिएटिनीन १० जूनला. काकूंनी विचारलं, "ह्यांना तोवर काही दुखलं नाही तर?" आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच तारखेभोवती गोल काढला.